पोतं उलटं लावलंय

आमच्या हॉटेलच्या उत्तरेकडच्या भिंतीवर नऊ चौकोन आहेत. बाकीची भिंत कढईच्या धुराने, उदबत्त्यांनी, ऐंशी वर्षांच्या वाफेने मुरलेल्या चहाच्या रंगाची झालीय. हे चौकोन तेवढे फिके, मूळच्या चुन्याचे. तिथे आजोबांनी लावलेल्या तसबिरी होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा हॉलमध्ये शिरली, मुक्कामाला राहिली, आणि परत जाताना तसबिरींतले देव घेऊन गेली. काचेमागे नुसता गाळ उरला. मी एकेक फ्रेम खिळ्यावरून उतरवली तेव्हा मागून हे चौकोन निघाले.

हॉटेलचं आतलं काम पुरं झाल्यापासून येणारं प्रत्येक नवं गिऱ्हाईक या भिंतीकडे बघून विचारतं, "इथं काय लावायचं राहिलंय का?" म्हणून म्हटलं, एकदा सगळं सविस्तर लिहून काढावं.

आमचं हॉटेल सांगलीच्या टिळक चौकाजवळ, पुलाच्या अंगाला आहे. १९२९ साली आयर्विन पूल झाला, नदीपलीकडची वर्दळ थेट पेठेत यायला लागली, आणि त्यानंतर काही वर्षांनी आजोबांनी ही जागा घेऊन चहा, शिरा, उप्पीट सुरू केलं. हॉल ४२ फूट लांब, १८ फूट रुंद. छत १४ फुटांवर, सागवानी तुळयांचं. आठ संगमरवरी टेबलं, त्यांचे पाय ओतीव लोखंडाचे. गल्ल्यामागे जाड काचेचा पुरुषभर उंचीचा आरसा. मी गल्ल्यावर बसायला लागून सतरा वर्षं झाली. त्याआधी अप्पा, म्हणजे माझे वडील, बसायचे. ते आजही सकाळी सहा ते नऊ आरशाखालच्या टेबलाशी असतात.

पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न असतो, "पुलाला किती?" ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५ मध्ये पुलाला ५३ फुटांच्या वर पाणी होतं, तेव्हा आमच्या हॉलमध्ये ते पाच फूट चढलं. २०१९ मध्ये पुलाला ५७ फुटांच्या वर, हॉलमध्ये आठ फूट नऊ इंच. २०२१ मध्ये पुन्हा सहा फूट. तसबिरी साडेसात फुटांवर टांगलेल्या, म्हणून त्या २००५ मध्ये वाचल्या आणि २०१९ मध्ये गेल्या. अकरापैकी दोनच राहिल्या, माळ्याच्या कठड्यावर उंच लावलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती.

२०२१ नंतर पुण्याहून भावाचा फोन आला, आता तरी ही जागा सोडा, विश्रामबागेत गाळा बघू. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ही टेबलं, या तुळया, हा आरसा गाळ्यात नेऊन मांडला तर त्याचं नुसतं सामान होतं. मी म्हटलं, राहायचं तर इथेच, आणि नदी पुन्हा येणार हे धरूनच काम करायचं.

पहिला ठेकेदार आला त्याने मोबाइलवर चित्रं दाखवली. खाली प्लॅस्टिकची पॅनेलं, वर पीओपीचं खोटं छत, भिंतीला छापील कागद. कागदावर मुंबईची ट्राम, लंडनचा लाल टेलिफोनचा खोका, इंग्रजी वर्तमानपत्रांची कात्रणं. त्याला तो ‘विंटेज थीम’ म्हणत होता. खऱ्या सागवानी तुळया झाकून त्याखाली छापलेलं जुनेपण लावायला मी पैसे देणार नव्हते. सांगलीत ट्राम कधी धावली? ज्या गावाला स्वतःची हळदीची पेठ आहे, गणपतीचं देऊळ आहे, १८४३ पासूनचं नाटक आहे, त्या गावातल्या माणसाने चहा पिताना लंडनचा टेलिफोन का बघावा? तो माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे मागणीच तशी येते. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

मग हरिपूरचे गवंडी मामा आले. सत्तरी ओलांडलेली, हात अजून सरळ. त्यांच्या वडिलांनी हरिपूरची पेवं लिंपलेली. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठी. २००५ च्या पुराने त्यांतली बरीच निकामी केली. मामांनी हॉलमध्ये येऊन कशालाच हात लावला नाही. भिंतीशी गेले, खालच्या भागावर बोटाची गाठ वाजवली, मग वरच्या भागावर वाजवली.

"खाली शिमिट कुणी केलं?"

अप्पांनीच केलेलं, चाळीसेक वर्षांपूर्वी, पाच फुटांपर्यंत. तेव्हा सगळेच करत होते. वर मात्र जुनाच चुना.

"ताई, वरचा चुना पाणी पितो आन् सोडतो. शिमिट पिऊन बसतंय. भिंत आतनं अजून वल्ली हाय. आता कितीबी भारी रंग लावा, लोणा भाईर येनारच."

येतच होता. दर दोन वर्षांनी ऑइल पेंट मारायचो आणि दर पावसाळ्यानंतर तो पापुद्र्यांनी सुटायचा, मागे पांढरी भुकटी. विटांच्या पोटातलं पाणी वाट शोधत बाहेर येतं, येताना क्षार आणतं, आणि पृष्ठभागाशी पाणी उडून क्षार तिथेच साठतात. वर सिमेंट आणि तेलाचा रंग असला की त्याला बाहेर पडायला जागा राहत नाही, मग तो रंगच ढकलून देतो. हे मला मामांनी विटेचा तुकडा हातात घेऊन दाखवलं.

डिसेंबरमध्ये सिमेंट काढलं आणि मामा म्हणाले, आता दोन महिने काही करायचं नाही, भिंत वाळू द्या. हे दोन महिने फार जड गेले. हॉटेल बंद, पगार चालू, आणि मी रोज उघड्या विटांकडे बघत बसलेली. लोणा आला की कोरड्या ब्रशने झाडायचा. धुवायचा नाही, धुतला की तो परत आत जातो. त्याच वेळी मागच्या अंगणात टाकीत कळीचा चुना विझत घातला. पाणी ओतल्यावर टाकी आपोआप उकळायला लागते, वाफा येतात, पोरांना लांब ठेवावं लागतं. तो महिनाभर पाण्याखाली मुरवला. मग वाळू, तागाचे बारीक तुकडे, हिरड्याचं पाणी, आणि गुळाचं पाणी. गूळ आमच्याच कोठीतला. मामांनी तीन थर दिले, प्रत्येक थराआड आठवडाभर थांबून.

बाकीची कामं भराभर सांगते. विजेचे सगळे बोर्ड दहा फुटांवर नेले. फ्रीज आणि मिक्सर माळ्यावर ओढून घ्यायला तुळईला चेनब्लॉक लावला. शहाबादी फरशी उचलून, घासून, तीच परत बसवली. आरशाचा पारा खालून उडालाय, ढगांसारखे डाग पडलेत. तो नव्याने चढवून घ्यायचा विचार होता, पण अप्पांची एकच अट होती, "काय करायचंय ते कर, आरशाला हात लावू नको." त्यात त्यांच्या वडिलांचं तोंड दिसायचं.

राहिली चित्रांची भिंत.

अप्पांचं मत होतं की मुंबई-पुण्याहून तसबिरींच्या नव्या प्रती आणाव्यात आणि त्याच खिळ्यांना लावाव्यात. आता तर संगणकावर हुबेहूब छापून मिळतात. माझं मन होईना. आम्ही दोघं यावर जवळजवळ महिनाभर वाद घालत होतो, बहुतेक वेळा माळ्यावरच्या त्या दोन तसबिरींकडे बघत.

त्या रविवर्मा प्रेसच्या ओलिओग्राफ पद्धतीच्या. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. दगडावरची छपाई, एकेका रंगाला एकेक दगड, एकावर एक छाप घेत घेत चेहऱ्यावरची सावली पुरी करायची, वरून वॉर्निश. तैलचित्र राजवाड्यात असायचं. या छापील चित्रांमुळे ते चहाच्या दुकानात आलं. म्हणजे आजोबांनी भिंतीवर लावलं ते काही पुरातन नव्हतं. त्यांच्या काळच्या यंत्रावर, त्यांच्या काळच्या रंगात काढलेलं होतं. मी अप्पांना हेच विचारलं, आजोबांनी लावलं तेव्हा लोक काय म्हणाले?

अप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शेजारचे म्हणाले होते, हाटेलात लक्ष्मी लावताय, खरकट्या कपबश्यांच्या वर. पाप लागेल."

"मग?"

"मग काही नाही. दोन वर्षांनी तेच दिवाळीला हार घेऊन यायला लागले."

त्यानंतर प्रतींचा विषय निघाला नाही. ते एकदम तयार झाले असंही नाही. "गिऱ्हाईक चहा प्यायला येतं, भिंत बघायला नाही," हे त्यांचं वाक्य पुढेही काही दिवस चालू होतं.

मला शाळेच्या सहलीतलं औंध आठवत होतं. सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये ते उभारलं. देवीच्या दर्शनाला निघालेली माणसं, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, कडेवर पोरं, आत शिरतात आणि रविवर्म्याची चित्रं बघतात, आणि त्याच छपराखाली हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही बघतात. विसाव्या शतकातला नवा शिल्पकार, आणि तो आपल्या डोंगरावर, नारळ-फुलांच्या वाटेवर. राजाला जर वाटलं की हे सगळ्यांनी बघावं, तर मला माझ्या हॉटेलपुरतं तसं वाटायला काय हरकत होती?

ओळखीतून एक चित्रकार मिळाली. मूळ मिरजेची, कोल्हापुरात शिकलेली, पस्तिशीची असेल. मला काकू म्हणते. ती पहिले आठ दिवस काही न करता येऊन बसायची. बंद हॉटेलात एकटी, स्टुलावर. नवव्या दिवशी तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, नऊ चौकोन तसेच राहतील, त्यांच्यावर काही लावायचं नाही. दोन, इथे लावायची कुठलीही गोष्ट पुराला तोंड देणारी असली पाहिजे. ती एक तर वर उचलता आली पाहिजे, किंवा धुता आली पाहिजे, किंवा पुन्हा करता आली पाहिजे. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की मी उठून स्टोव्ह पेटवला आणि तिच्यासाठी शिरा केला.

‘पुन्हा करता येण्याजोगी’ गोष्ट आधी झाली, आणि ती ठरवलेली तशी झाली नाही. भिंतीवर तिन्ही पुरांच्या पातळीची एकेक रेघ काढायची, पाच फूट, सहा फूट, आठ फूट नऊ इंच, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रंग हळदीचा, कारण या पेठेचा रंग तोच. तिने राजापुरी हळद पाण्यात कालवली, रुंद ब्रश घेतला आणि मामांच्या ताज्या, अजून ओलसर चुन्यावर पहिला हात ओढला. पिवळा पट्टा आमच्या डोळ्यांदेखत लाल झाला. तिला वाटलं ब्रश खराब आहे. दुसरा घेतला, तो पट्टाही लाल.

मामा परांचीवर बसले होते, हसायला लागले. "ताई, कुंकू आसंच करत्यात की. हळद आन् चुना."

आम्ही दोघीही रोज कुंकू बघणाऱ्या, आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं. हळदीतलं रंगद्रव्य क्षाराशी भेटलं की लाल होतं. चित्रकार मुलगी भिंतीला टेकून किती तरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, पिवळी नको, हीच.

अडचण एकच. हा रंग टिकत नाही. हवा लागून चुना पुन्हा दगड व्हायला लागतो, त्याचा क्षारपणा उतरतो, तशी लाली तपकिरीकडे जाते, आणि उजेडात हळद तशीही उडते. चार-सहा महिन्यांत रेघ फिकट विटकरी होऊन जाते. बाजारात न उडणारे लाल रंग आहेत. तिने ते घेतले नाहीत, आणि मलाही ते नको होते. आता दर वर्षी मृग लागायच्या आदल्या दिवशी दुपारी हॉटेल बंद ठेवतो. आधी चुन्याची ओली पट्टी, ती वाळायच्या आत हळदीचं पाणी. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांच्यापैकी जो येईल त्याने हात लावायचा. पहिल्या वर्षी आमच्या भांडी घासणाऱ्या मावशींनी आठ फूट नऊ इंचाच्या रेघेला हात लावला, शिडीवर चढून. त्यांची सांगलीवाडीची खोली २०१९ मध्ये छपरापर्यंत बुडाली होती. मावशी विधवा आहेत. खाली उतरल्यावर त्यांनी लाल झालेले हात बघितले आणि संध्याकाळपर्यंत धुतले नाहीत. मी त्यांना भांड्यांना बसू दिलं नाही त्या दिवशी.

दुसरं काम मोठं होतं, मागच्या भिंतीचं. त्याच्या आधी एका संध्याकाळी त्या मुलीच्या मनात शंका आली. तिने मला मार्क रॉथ्कोची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कच्या सीग्रॅम बिल्डिंगमध्ये फोर सीझन्स नावाचं महागडं हॉटेल व्हायचं होतं. १९५८ मध्ये तिथल्या भिंतींसाठी चित्रं करायचं काम रॉथ्कोला मिळालं. त्याने काळपट तांबड्या रंगांची तीसेक मोठाली चित्रं केली. हॉटेल सुरू झाल्यावर तो तिथे जेवून आला, आणि मग त्याने चित्रं द्यायला नकार दिला, घेतलेले पैसे परत केले. त्यातली नऊ पुढे लंडनच्या टेट गॅलरीला गेली. ती लंडनला पोचली तो दिवस २५ फेब्रुवारी १९७०, आणि त्याच दिवशी तो आपल्या स्टुडिओत मेलेला सापडला.

"काकू, खाताना माणूस चित्र बघतो का?" तिने विचारलं.

मला लगेच उत्तर सुचलं नाही. रात्री घरी जाऊन मी त्या हॉटेलाबद्दल वाचत बसले आणि मला एक वेगळीच गोष्ट सापडली. त्याच हॉटेलात पिकासोने १९१९ मध्ये एका बॅलेसाठी रंगवलेला नाटकाचा पडदा टांगलेला होता. साधारण वीस फूट उंच. १९५९ पासून तो तिथे होता. पुढे भिंतीच्या दुरुस्तीवरून इमारतीच्या मालकाशी वाद होऊन २०१४ मध्ये उतरवला. पंचावन्न वर्षं माणसं त्याच्यासमोरून जेवायला गेली. नाटकाचा पडदा, हॉटेलात! हे वाचून मी अंथरुणावर उठूनच बसले. सांगलीत बसून आम्हाला हे सुचायला न्यूयॉर्कपर्यंत जावं लागलं.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीच्या दरबारात मराठी नाटक उभं केलं. पुढे कंपन्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर रंगवलेले पडदे आले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी संगीत नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, बाग, जंगल, रस्ता. बांबूला गुंडाळलेला पडदा दोरी सोडली की सरसर खाली यायचा. अप्पा लहानपणी प्रयोग संपल्यावर चहाला आलेल्या कंपनीच्या माणसांना कपबश्या नेऊन द्यायचे. त्यांना अजून आठवतं, पडदे ओढणाऱ्या माणसाच्या तळव्यांना घट्टे होते.

सकाळी मी त्या मुलीला म्हटलं, पडदा कर. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तरही तोवर माझ्याकडे होतं. रॉथ्कोच्या त्या हॉटेलात कोण जाऊ शकत होतं? आमच्याकडे चहा पंधरा रुपयांना आहे. सकाळी सहाला पेपर टाकणारी मुलं येतात, सातला हमाल येतात, दहाला वकील, दुपारी बाजाराला आलेल्या बायका. यातलं कुणी चित्र बघायला म्हणून कुठे जाणार नाही, त्यांना तेवढी फुरसत नाही. चहा निवेपर्यंत जी पाच मिनिटं मिळतात तीच त्यांची.

तिने पडद्यासाठी कॅनव्हास घेतला नाही. गणपती पेठेतून हळदीची रिकामी पोती आणली, चौदा. उसवली, चार दिवस उन्हात टाकली, झटकली, पण धुतली नाहीत. पोत्यांवर दुकानांचे मार्के असतात, काळ्या-निळ्या शाईत अक्षरं, आकडे, त्रिशूळ, स्वस्तिक. ते तसेच ठेवून तिने पोती एकमेकांना जोडली, आणि वर चुना आणि कोळशाने रस्ता काढला. नाटकातला ‘रस्त्याचा पडदा’ असतो तसा, पण रस्ता आमच्या दारातला, पुलाकडे चढत जाणारा. दोन्ही बाजूंना घरं नाहीत, नुसते मार्के. लांबून बघितलं की ते आकडे खिडक्यांसारखे दिसतात. बारा फूट रुंद, अकरा फूट लांब. वर लोखंडी पाइप, दोन दोऱ्या, चार कप्प्या. चार मिनिटांत गुंडाळून छताला लागतो. स्वयंपाकघरापासून लांब, म्हणजे तेल आणि आग दोन्हींपासून लांब. शिवाय एक फायदा आम्ही धरलाच नव्हता. फरशी, संगमरवर आणि आरसा यांच्यामुळे हॉलमध्ये आवाज घुमायचा, गोणपाटाने तो बराच खाल्ला. अप्पांना आता समोरच्याचं बोलणं ऐकू येतं.

एक गोष्ट जमली नाही, तीही सांगते. मिरजेच्या सतारमेकरांकडून तिने तडे गेलेले भोपळे आणले होते. सतारीला, तंबोऱ्याला न चालणारे. त्यांत दिवे लावून आम्ही टेबलांवर टांगले. दिसायला सुंदर होते, फोटो काढायला लोक थांबले असते. पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, हे काढते. वाजायसाठी वाढवलेला भोपळा दिव्याचं टोपण झालाय, मला बघवत नाही. मलाही आतून तसंच वाटत होतं. भोपळे परत मिरजेला गेले.

अक्षय्य तृतीयेला हॉटेल उघडलं. पहिल्या दिवशी नातेवाईक, फुलं, कौतुक. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो चौथा दिवस. सकाळी सात वाजता हमालांची टोळी नेहमीच्या बाकावर बसली. त्यांतले थोरले, पेठेत चाळीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेले. चहा समोर आला तरी त्यांनी बशीला हात लावला नाही. पडद्याकडे बघत होते. मग मला हाक मारली.

"ताई, ह्यातलं एक पोतं उलटं लावलंय."

"कुठलं?"

"वरनं दुसऱ्या वळीतलं तिसरं. तोंड खाली गेलंय. आसं पाठीवर घेतलं तर समदी हळद रस्त्यावर."

चित्रकार मुलगी त्या दिवशी कोपऱ्यात बसलेली होती. ती उठून त्यांच्या बाकावर जाऊन बसली. त्यांनी तिला शिवण दाखवली, तोंडाची शिवण वेगळी, बुडाची वेगळी, मार्का कुठल्या अंगाला येतो, हमाल पोतं उचलायचा लोखंडी आकडा कुठे मारतो. मग बाकीचे सुरू झाले. हा मार्का आमच्या अडत्याचा. हा तर बंद पडला की, पुरानंतर. नाही, बंद नाही, मार्केट यार्डात गेला. चहा गार झाला, मी दुसरा पाठवला.

तिने विचारलं, "काका, ते पोतं तुम्ही बदलून द्याल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, पेठ जरा थंडावल्यावर, ते आपला दाभण आणि सुतळीचा गुंडा घेऊन आले. पडदा उतरवून टेबलांवर पसरला. तिने बारीक दोऱ्याने घातलेले टाके त्यांनी उसवले, पोतं फिरवलं आणि सुतळीने शिवायला घेतलं, पोत्याचं तोंड शिवतात तसं, लांब, ओढून, गाठ मारत. रस्त्याची रेघ त्या जागी तुटली. मार्क्यातला आकडा सरळ झाला. तिने तुटलेली रेघ पुन्हा जोडली नाही. आज पडदा बघितलात तर एवढी एकच शिवण जाड आहे, दुरूनही दिसते. काम झाल्यावर मी पैसे द्यायला गेले तर काकांनी हात जोडले. मग मिसळ खाल्ली त्यांनी, आणि जाताना वळून एकदा वर बघून गेले.

अप्पा हे सगळं आरशाखालून बघत होते. त्या दिवसानंतर ‘गिऱ्हाईक चहा प्यायला येतं’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

गेल्या पावसाळ्यात पाण्याने पुन्हा उचल खाल्ली. दोन दिवस कोयनेचा विसर्ग चालू, गल्लीत सगळ्यांचा एकच प्रश्न, पुलाला किती. आकडा चाळिशीकडे सरकायला लागला तसं आम्ही सामान हलवलं. फ्रीज, मिक्सर, कोठीतला गूळ-साखर माळ्यावर. मग पडदा. एक दोरी आमच्या आचाऱ्याने धरली, दुसरी धरायला मी पुढे झाले तर अप्पा म्हणाले, मला दे. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दोघांनी मिळून ओढला, रस्ता खालून वर गुंडाळत गेला, शेवटी जाड शिवण तेवढी दिसत होती, मग तीही गेली. भिंतीवरच्या तीन लाल रेघा आणि नऊ चौकोन तेवढे उरले. अशा रिकाम्या हॉलमध्ये आम्ही चार दिवस काढले.

पाणी रस्त्याच्या तोंडापर्यंत येऊन थांबलं, आणि उतरलं.

पाचव्या दिवशी सकाळी अप्पा त्यांच्या जागेवर न बसता पडद्याखालच्या टेबलाशी बसले. चहा घेऊन. आचारी एका दोरीशी, मी दुसऱ्या दोरीशी. गुंडाळी सुटायला लागली तशी पोत्यांच्या धाग्यांत अडकलेली हळद झरायला लागली, बारीक, उजेडात दिसणारी, संगमरवरावर पिवळी साय धरावी तशी. अप्पांनी कपावर बशी झाकली आणि वर बघत म्हणाले, "हळू सोड. शिवण आली."